मागे वळून पाहायचं नाही

माझ्या आजोळी, वाईकडच्या एका गावात, नवरात्रातल्या अष्टमीच्या होमाला कोहळा कापायचे. सकाळपासून तो देवघराच्या उंबऱ्याशी पाटावर ठेवलेला असे. आजी त्याला हळदकुंकू लावायची, जास्वंदीचं फूल वाहायची. कोहळ्याच्या सालीवर राखेसारखी पांढरी भुकटी असते, ती तिच्या बोटांना लागायची. पूर्णाहुतीच्या आधी गुरुजी खूण करत आणि मामा कोयता उचलायचा. एकाच घावात कोहळा दुभंगला पाहिजे असा दंडक होता. दोन्ही भकलांत कुंकू भरलं की पांढरा गर लालभडक व्हायचा. मग भाताचा बळी पत्रावळीवर काढून, त्यावर कणकेचा दिवा लावून, घरातला एखादा मोठा मुलगा वेशीकडे निघायचा. आजी त्याला दरवर्षी तेच बजावायची: ठेवून ये, आणि मागे वळून पाहायचं नाही. तो परत आला की दाराबाहेरच त्याच्या पायांवर पाणी घालत, डोळ्यांना पाणी लावायला सांगत.

एका वर्षी मी मामाच्या अगदी समोर बसले होते. कोयता वर जाईपर्यंत त्याची नजर कोहळ्यावर होती. घाव घालताना मात्र त्यानं मान वळवली. भाजीच्या मळ्यातून आणलेला कोहळा होता तो. एरवी त्याच कोहळ्याचे सांडगे घालताना मामानं डोळ्याचं पातंही हलवलं नसतं.

पुढे कलेचा इतिहास शिकताना रोमन काळातल्या मिथ्र देवाचं शिल्प प्रथम पाहिलं आणि मला मामा आठवला. मिथ्रानं बैलाला गुडघ्याखाली दाबलं आहे, डाव्या हातानं त्याचं तोंड मागे ओढलं आहे, उजव्या हातातला सुरा बैलाच्या खांद्यात गेला आहे. कुत्रा आणि साप रक्ताकडे झेपावत आहेत, बैलाच्या शेपटीतून धान्याची कणसं फुटत आहेत. आणि देव स्वतः? तो खांद्यावरून मागे, भलतीकडेच पाहतो आहे. रोमन साम्राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हे शिल्प शेकडो ठिकाणी कोरलं गेलं, आणि बहुतेक ठिकाणी ती मान तशीच वळलेली आहे.

पुढच्या पानांवर निरनिराळ्या काळांतली, निरनिराळ्या धर्मांतली बळीची चित्रं आणि शिल्पं एकत्र केली आहेत. ती निवडताना माझं लक्ष पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीकडे गेलं. सुरा, वेदी, रक्त या गोष्टी सगळीकडे सारख्याच असतात. बदलते ती नजर. कोण पाहतं आहे, कोण तोंड फिरवतं आहे, कुणाचा चेहरा झाकला आहे आणि कुणी झाकला आहे. विधी सांगतो, मागे वळून पाहू नका. चित्रकाराला तसं करून चालत नाही, त्याचं कामच वळून पाहण्याचं आहे. या पेचातून तो कशी वाट काढतो, हे पाहण्यासाठी मी ही चित्रं जमवली.

मराठीत बळी हा शब्द अनेक ओझी वाहतो. देवीला देतात तो बळी, अपघातात गेलेले ते बळी, सुपात काढून ठेवलेला भातही बळीच. पाताळात घातलेला राजाही बळी, आणि त्याच्याच नावानं आपण शेतकऱ्याला बळीराजा म्हणतो. मारला जाणारा आणि ज्याचं राज्य परत यावं असं वाटतं तो, दोघांना आपल्या भाषेत एकच शब्द आहे. व्युत्पत्तीकार त्यांची मुळं वेगळी काढून दाखवतील. कानाला मात्र ते एकच ऐकू येतात, आणि ही चित्रं पाहताना मला तो दुहेरी आवाज उपयोगी पडला.

ग्रीकांपासून सुरुवात करते, कारण चेहरा झाकण्याची सर्वांत जुनी प्रसिद्ध गोष्ट त्यांची आहे. ट्रॉयवर निघालेलं आरमार वारा पडल्यामुळे अडकलं आहे. देवी आर्टेमिस कोपली आहे, आणि सेनापती अ‍ॅगामेम्नॉननं आपली मुलगी इफिजेनिया अर्पण केली तरच वारा सुटेल असं ज्योतिषी काल्खस सांगतो. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या सुमारास तिमांथेस नावाच्या चित्रकारानं हा प्रसंग रंगवला होता. चित्र केव्हाच नष्ट झालं, पण सिसेरो आणि प्लिनी या रोमन लेखकांनी त्याबद्दल लिहून ठेवलं आहे. भोवतीच्या एकेका माणसाच्या चेहऱ्यावर चित्रकारानं दुःख चढत्या क्रमानं दाखवलं, आणि बापापाशी आल्यावर त्याचं डोकं वस्त्रानं झाकून टाकलं. चित्रकाराचं कौशल्य संपलं म्हणून त्यानं वस्त्र ओढलं असं काहींना वाटलं, काहींना तेच त्याचं सर्वांत मोठं कौशल्य वाटलं. मी दुसऱ्या पक्षाची आहे. बापाचा चेहरा रंगवला असता तर आपण तो पाहून पुढे गेलो असतो. झाकलेला चेहरा प्रत्येकाला आपापल्या मनात रंगवावा लागतो.

पाँपेईच्या ज्या घराला आज शोकांतिकाकाराचं घर म्हणतात, तिथल्या भिंतीवर याच प्रसंगाचं चित्र होतं. ते आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. दोन पुरुषांनी इफिजेनियाला उचललं आहे, तिचे हात आकाशाकडे पसरले आहेत. उजवीकडे काल्खस हातात शस्त्र घेऊन, बोट ओठांशी नेऊन थबकला आहे. डावीकडे अ‍ॅगामेम्नॉन, वस्त्रात डोकं लपवून, तिच्याकडे पाठ करून. वर ढगांत हरीण दिसतं, म्हणजे देवी मुलीच्या जागी हरीण घेणार आहे. हे फक्त आपल्याला दिसतं. बापानं डोकं झाकून घेतल्यामुळे सुटकाही त्याला दिसत नाही. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं जाण्यापूर्वी त्या घरातली माणसं रोज या चित्रावरून ये-जा करत असतील.

जनावरांच्या बाबतीत ग्रीक चित्रकार वेगळ्या प्रकारे संयम पाळतात. त्यांच्या मातीच्या भांड्यांवर यज्ञाची मिरवणूक असते, माळा घातलेला बैल असतो, नंतर शिजणारं मांस असतं. सुरा प्रत्यक्ष गळ्यावर चालतानाचा क्षण क्वचितच. पार्थेनॉनच्या चित्रपट्टीतही गायी चालताना आहेत, एखादी मान वर करून हंबरते, एखादी दावं ओढते. वेदीपर्यंत आपण जात नाही. बाई मारली जाते तेव्हा मात्र हाच संयम सुटतो. ब्रिटिश म्युझियममध्ये इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातली एक सुरई आहे. तिच्यावर ट्रॉयची राजकन्या पॉलिक्सेना आहे. तीन योद्ध्यांनी तिला लाकडाच्या ओंडक्यासारखं आडवं धरलं आहे, नक्षीदार वस्त्रात ती गुंडाळलेली आहे, आणि अकिलीसचा मुलगा निओप्टोलेमस तिचा गळा चिरतो आहे. रक्ताची धार काळ्या रेघांत सरळ खाली पडते. अकिलीसच्या कबरीला तृप्त करण्यासाठी हा बळी आहे. उजव्या टोकाला म्हातारा फिनिक्स पाठ फिरवून उभा आहे. सगळ्या चित्रात मला पटणारा तो एकटाच माणूस, आणि तोही काही करत नाही. नुसतं न पाहण्यानं कुणाची सुटका होत नसते.

बापानं मुलाला वेदीवर ठेवल्याची कथा ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिघांचीही आहे, आणि या पुस्तकात सर्वांत जास्त पानं तिनंच घेतली आहेत. अब्राहमला देव आज्ञा करतो, तो मुलाला डोंगरावर नेतो, सुरा उगारतो, देवदूत हात थांबवतो, झुडपात अडकलेला मेंढा मुलाच्या जागी जातो. सीरियातल्या दूरा-युरोपोस गावच्या तिसऱ्या शतकातल्या ज्यू प्रार्थनामंदिरात, धर्मग्रंथाच्या कोनाड्यावर हा प्रसंग रंगवलेला होता. तिथला अब्राहम आपल्याकडे पाठ करून उभा आहे. वेदीवरच्या मुलाचाही चेहरा दिसत नाही. वर आकाशातून एक हात आला आहे. दोन पाठी आणि एक हात, एवढंच.

त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी, आजच्या इस्रायलमधल्या बेथ अल्फा इथे, प्रार्थनामंदिराच्या जमिनीवर रंगीत दगडी तुकड्यांत हीच कथा मांडली गेली. १९२८ च्या अखेरीस पाण्याचा पाट खणताना ती सापडली. ती शहाण्या कलावंताची कृती नाही. खेड्यातल्या हाताची आहे. माणसं सरळ समोर पाहतात, डोळे बटणांसारखे गोल. मेंढा झाडाला बांधून जणू उभाच टांगला आहे. मुलगा इसहाक अगदी लहान आहे, हात बांधलेले, बापानं त्याला आगीच्या दिशेनं हवेत धरलेलं आहे, आणि तो ना बापाच्या ताब्यात पुरता ना आगीच्या. दाराशी ग्रीक अक्षरांत कारागिरांची नावं बसवली आहेत: मारियानोस आणि त्याचा मुलगा हनिना. बाप आणि मुलगा. दोघं गुडघे टेकून शेजारी शेजारी बसले असतील, एकानं तुकडे फोडून द्यावेत आणि दुसऱ्यानं बसवावेत, आणि दोघांच्या हातांखाली हळूहळू तयार होत होता तो मुलाला आगीत टाकायला निघालेला बाप. इसहाकाचे तुकडे कुणी बसवले असतील, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

कुराणात मुलाचं नाव दिलेलं नाही. मुसलमान परंपरा त्याला बहुतांशी इस्माईल मानते, आणि बकरी ईद त्याच आठवणीची. तिथे मुलगा झोपेतला किंवा फसवून नेलेला नाही. बाप त्याला स्वप्न सांगतो आणि तो होकार देतो. जुन्या भाष्यकारांनी एक हृदयद्रावक तपशील जपला आहे: मुलगाच बापाला सांगतो की मला पालथं झोपव, माझा चेहरा दिसला तर तुझा हात कचरेल. इराणी आणि तुर्की लघुचित्रांत इब्राहीमच्या मस्तकाभोवती सोनेरी ज्वाळा असतात, देवदूत मेंढा उचलून आकाशातून उतरत असतो, डोंगर गुलाबी-जांभळे फुललेले असतात. इतक्या देखण्या रंगांत सुरा शोधावा लागतो.

युरोपात या कथेनं एक स्पर्धाच घडवली. १४०१ साली फ्लॉरेन्समधल्या कापड-व्यापाऱ्यांच्या कालीमाला संघानं तिथल्या बाप्तिस्मागृहाच्या कांस्य दारासाठी शिल्पकारांकडून नमुने मागवले. विषय एकच, अब्राहमचा यज्ञ. सात जणांपैकी दोघांचे नमुने आज उरले आहेत, लोरेंझो गिबेर्ती आणि फिलिप्पो ब्रुनेलेस्की यांचे, आणि बार्जेल्लो संग्रहालयात ते जवळजवळ ठेवलेले आहेत. दोघंही विशीतले पोरगे होते. ब्रुनेलेस्कीच्या नमुन्यात हिंसा खरी आहे. अब्राहमनं मुलाचा जबडा अंगठ्यानं वर ढकलला आहे, सुरा गळ्याला टेकला आहे, आणि देवदूतानं धावत येऊन त्याचं मनगट घट्ट पकडलं आहे. जोर विरुद्ध जोर. गिबेर्तीचा इसहाक मात्र उघड्या अंगाचा, सुडौल, एखाद्या प्राचीन मूर्तीसारखा वळून वर पाहतो. तिथला सुरा अजून हवेत आहे, देवदूत लांब आहे. परीक्षकांनी गिबेर्तीला निवडलं. त्याचं ओतकामही सरस होतं; नमुना बराचसा एकसंध ओतलेला, प्रतिस्पर्ध्याच्या नमुन्याहून सात-एक किलो हलका, आणि कांस्याची किंमत लक्षात घेता व्यापाऱ्यांना हा हिशेब नक्कीच कळला असेल. दारांचा विषय पुढे बदलला, तो नमुना त्यांच्यात बसलाच नाही. ब्रुनेलेस्की नंतर वास्तुकलेकडे वळला आणि त्याच गावच्या कॅथीड्रलचा घुमट त्यानं बांधला. मला निकाल मान्य नाही. गिबेर्तीचं शिल्प सुंदर आहे, पण त्याच्यापुढे उभं राहून मला मुलाची काळजी वाटत नाही.

काळजी वाटते ती रेम्ब्रांटच्या चित्रापुढे. १६३५ चं ते मोठं चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे. अब्राहमनं आपला पंजा मुलाच्या तोंडावर दाबून धरला आहे. पूर्ण चेहरा झाकलेला, मान मागे ताणलेली, गळा उघडा. देवदूतानं मनगट धरलं तसा सुरा हातातून सुटला आहे आणि तो हवेत आहे, खाली पडतो आहे, अजून पडलेला नाही. त्या पंजाचा अर्थ दोन्ही प्रकारे लागतो. मुलाला दिसू नये म्हणून तो आहे, आणि मुलगा बापाला दिसू नये म्हणूनही. वीस वर्षांनी, १६५५ मध्ये, रेम्ब्रांटनं हाच प्रसंग एका छोट्या कोरीव छापचित्रात पुन्हा काढला. मधल्या काळात त्याची बायको सास्किया गेली होती, तिची चारपैकी तीन मुलं तान्ही असतानाच गेली होती, आणि उरलेला टायटस तेव्हा किशोरवयात होता. छापचित्रातला देवदूत मनगट पकडत नाही. तो मागून दोन्ही हातांनी म्हाताऱ्याला कवेत घेतो. मुलगा बापाच्या गुडघ्याशी टेकला आहे आणि बापाचा हात त्याच्या डोळ्यांवर आहे, पण आता तो दाबत नाही. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तो हात आहे. आणि सुटका झालेल्या अब्राहमच्या चेहऱ्यावर आनंद मुळीच नाही.

रेम्ब्रांट तिकडे मुलाचा चेहरा झाकत होता त्याच सुमारास, स्पेनमध्ये फ्रान्सिस्को दे थुर्बारान मेंढा रंगवत होता. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातल्या त्या चित्रात एका करड्या फळीवर चारी पाय एकत्र बांधलेलं मेंढरू पडलं आहे. मागे काळोख. लोकर इतकी खरी की बोट घालावंसं वाटतं. कुठे कुरळी, कुठे मळकी, ओलसर. वेदी नाही, सुरा नाही, देवदूत नाही. ख्रिस्ती प्रेक्षकाला ते येशूचं प्रतीक आहे हे लगेच कळत होतं. मला त्यात आधी मेंढरू दिसतं, ज्याच्यासाठी कुणी देवदूत यायचा नाही. अब्राहमच्या प्रत्येक चित्रात कोपऱ्यातल्या झुडपात जे असतं, त्याला थुर्बारान मधोमध आणून ठेवतो.

बेल्जियममधल्या गेंटच्या कॅथीड्रलमध्ये व्हॅन आयक बंधूंनी १४३२ मध्ये पुरी केलेली वेदीची चित्रमालिका आहे. तिच्यात मेंढरू वेदीवर उभं आहे, छातीतून रक्ताची धार सुवर्णपात्रात पडते आहे, भोवती देवदूत आणि भाविकांचे थवे. शतकानुशतकं लोक त्या मेंढराचा सौम्य, मेंढरासारखाच चेहरा पाहत होते. अलीकडच्या जीर्णोद्धारात कळलं की तो चेहरा नंतरच्या रंगकारांनी सोळाव्या शतकात वरून चढवला होता. तो थर काढल्यावर खाली मूळ चेहरा निघाला: समोर रोखलेले, जवळजवळ माणसाचे डोळे. जगभर लोकांना ते विचित्र वाटलं, अनेकांनी थट्टा केली. मला त्यात थट्टेसारखं काही दिसत नाही. व्हॅन आयकनं बळीला आपल्याकडे पाहायला लावलं होतं, आणि पुढच्या शतकातल्या कुणाला ती नजर सोसली नसावी.

आता घरी येते. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात, उजव्या भिंतीवर, षड्दंत जातकाचा चित्रपट आहे; सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, काळवंडलेला, जागोजागी खरवडलेला. बुद्ध एका जन्मी सहा सुळ्यांचा हत्तीराज असतो. त्याच्या दोन राण्यांपैकी धाकटीच्या मनात मत्सराची अढी बसते, ती झुरून मरते आणि काशीची राणी होऊन जन्मते. मागच्या जन्मीचा राग तिला आठवतो. ती व्याधाला पाठवते, सुळे कापून आण म्हणते. व्याध खड्ड्यात लपून हत्तीवर बाण मारतो. हत्ती त्याला सहज चिरडू शकतो, पण अंगावर भगवं वस्त्र पाहून तो थांबतो. व्याधाला सुळे कापता येत नाहीत, तेव्हा हत्तीच करवत सोंडेत घेऊन स्वतःचे सुळे कापून देतो.

चित्रकाराला इथे रक्ताचा केवढा वाव होता. त्यानं भिंतीवरचा जंगलाचा मोठा भाग हत्तींच्या कळपाला दिला, वडाच्या पारंब्यांना दिला, कमळांच्या तळ्याला दिला. हत्ती न्हाणारे, खेळणारे, सोंडेनं फांदी मोडणारे. अजिंठ्याच्या चित्रकारांना हत्ती माहीत होते, ते पाहूनच कळतं. कथेचा कळस त्यानं राजवाड्यात ठेवला आहे. व्याध कावडीतून सुळे घेऊन येतो, राणीपुढे ठेवतो, आणि ज्या राणीनं हे मागवलं तीच ते पाहून मूर्च्छित होते. दासी तिला सावरतात, कुणी पाणी आणते. पाचव्या शतकात सतराव्या लेण्यात हीच कथा पुन्हा रंगवली गेली आणि तिथेही राणीची मूर्च्छा आहेच. मधे सहा-सातशे वर्षं गेली, राजघराणी बदलली, पंथ बदलले. दोन्ही चित्रकारांना कळलं होतं की डोळे तिथे न्यायचे. यज्ञातल्या पशुहत्येला बौद्धांचा विरोध होता, तो प्रवचनांत सगळ्यांना माहीत आहे. भिंतीवर तो विरोध असा उमटतो: मारणाऱ्याचा हात दाखवायचा नाही, मागणाऱ्याचा चेहरा दाखवायचा.

२८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला निघालेला असताना या लेण्यांपाशी पोचला, आणि दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर, रंगवलेल्या बोधिसत्त्वाच्या अंगावर, त्यानं आपलं नाव आणि तारीख कोरली. शिकाऱ्याची गोष्ट असलेल्या लेण्यात आलेला तो शिकारी होता. भिंतीकडे त्यानं पाहिलं असेल का?

पहिल्या लेण्यात कबुतराच्या बदल्यात तराजूत स्वतःचं मांस घालणारा शिबी आहे. भुकेल्या वाघिणीला देह देणाऱ्या राजपुत्राची कथा तर हिंदुस्थानातून चीनमध्ये आणि तिथून जपानला गेली. नाराजवळच्या होर्यूजी मठात सातव्या शतकातलं एक लाकडी देवघर आहे, तामामुशी नावाचं. त्याच्या एका फळीवर राजपुत्र तीनदा दिसतो. वर कड्यावर वस्त्र काढून झाडाला नीट अडकवताना, मधे डोक्यावर पडताना, तळाशी वाघिणीच्या पुढ्यात. पडणारा देह तरंगल्यासारखा शांत आहे. वस्त्र घडी मोडू नये अशा बेतानं अडकवलेलं पाहून माझ्या पोटात तुटतं, वाघिणीपेक्षाही.

तामिळनाडूतल्या महाबलीपुरमला द्रौपदी रथाच्या गाभाऱ्यात दुर्गा उभी आहे आणि तिच्या पायांशी गुडघे टेकलेला एक भक्त एका हातानं स्वतःचे केस धरून दुसऱ्या हातातली तलवार स्वतःच्याच मानेला लावतो आहे. पल्लवांचं, सातव्या शतकातलं शिल्प. त्याच्या चेहऱ्यावर ना वेदना ना आवेश. मेक्सिकोतल्या यश्चिलान इथल्या माया शिल्पात राणी शोक जिभेला छिद्र पाडून त्यातून काटेरी दोर ओढते आहे, समोर राजा मशाल धरून उभा. त्यावर इसवी सन ७०९ ची तिथी कोरली आहे आणि ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतीवर टांगलेलं आहे. मुळात ते भिंतीवर नव्हतं. दाराच्या वरच्या शिळेच्या खालच्या बाजूला ते कोरलेलं होतं. उंबऱ्यात उभं राहून मान पूर्ण मागे टाकली तरच ते दिसायचं, म्हणजे पाहणाऱ्याचाही गळा उघडा पडायचा. संग्रहालयात ही गोष्ट हरवते.

पेरूच्या किनाऱ्यावरच्या मोचे लोकांच्या मातीच्या भांड्यांवर बारीक रेघांत एक प्रसंग वारंवार येतो: गळ्यात दोर घातलेले नग्न बंदी, त्यांचे गळे कापणारे, आणि चंद्रकोरीसारखा मुकुट घातलेल्या पुरुषापुढे पेला घेऊन आलेली पुजारीण. बरीच वर्षं याला पुराणकथा समजत. १९८७ मध्ये सिपान इथे वॉल्टर आल्वा यांनी उघडलेल्या कबरीत त्या मुकुटाचा, त्याच अलंकारांचा खराखुरा पुरुष निघाला. पुढे सान होसे दे मोरो इथे पुजारिणीची कबर निघाली, तिच्याजवळ तो पेलाही. मोचे लोकांच्या चंद्रमंदिरापाशी अतिवृष्टीच्या चिखलात रुतलेले सत्तरहून अधिक पुरुषांचे सांगाडे मिळाले. चित्रं खरी होती. हे वाचलं तेव्हा मी समोरचं पुस्तक मिटून ठेवलं. तोवर त्या रेघांची लय मी कौतुकानं पाहत होते.

पण अशीच दुसरी चित्रंही आहेत, ज्यांच्याबद्दल सावध राहावं लागतं. ॲझ्टेक पुजारी मंदिराच्या पायऱ्यांवर माणसाचं काळीज काढताना दिसतात ते प्रसिद्ध चित्र ज्या पोथीत आहे, ती स्पॅनिश राजवट आल्यावर, सोळाव्या शतकात, युरोपीय कागदावर तयार झाली. हात तिथल्या चित्रकारांचा, पाहणारे डोळे जेत्यांचे. आपल्याकडेही तेच घडलं. बंगालातल्या चडकाची, पाठीत आकडे अडकवून फिरणाऱ्या माणसांची चित्रं साहेबांसाठी ढिगानं निघाली आणि देशाची ओळख म्हणून विलायतेत गेली. माझ्या आजोळाजवळच्या बावधनला रंगपंचमीचं बगाड आजही निघतं, बगाड्याला दोरानं बांधून. लाखो लोक त्याच्याकडे मान वर करून पाहतात तेव्हा त्यांना काय दिसतं, ते त्या जुन्या छापचित्रांत शोधून सापडायचं नाही.

महाराष्ट्रात गावोगाव वेशीवर, पारावर, देवळाच्या मागे सतीशिळा उभ्या आहेत. काहींना शेंदूर फासून लोक देवी म्हणून पुजतात. त्यांच्यावर बहुधा एकच हात कोरलेला असतो: कोपरात दुमडून वर उचललेला, पंजा उघडा, कधी त्यात लिंबू, आणि मनगट ते कोपर बांगड्या. वर सूर्य-चंद्र. बांगड्या फुटलेल्या नाहीत हे सांगायचं असतं, म्हणजे ती सवाष्णच गेली. चेहरा नाही, नाव नाही, वय नाही. हे शिल्प या पुस्तकात घ्यावं की नाही, यावर मी फार दिवस विचार केला. देवाच्या नावानं पेटवलेल्या त्या बाईला अर्पण म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शेवटी घेतलं, कारण तिमांथेसनं बापाचं तोंड झाकलं ते त्याच्या दुःखापुढे हात टेकून. इथे तोंडच कोरलं नाही, ते तिचं दुःख कुणाला दिसूच नये म्हणून.

वैदिक यज्ञाबद्दल वाचक विचारतील. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. अश्वमेधासह कितीतरी यज्ञ त्यात मोजले आहेत, आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांचे आकडे आहेत. ज्या गुहेत हा लेख आहे तिथे राजकुटुंबाचे पुतळे होते; आता वर नावं राहिली आहेत आणि खाली नुसती पावलं. यज्ञाचं चित्र तिथे नाही, खर्च आहे. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर अश्वमेधाचा घोडा आहे, तोही यूपासमोर, म्हणजे यज्ञाचा पशू बांधायच्या खांबासमोर, डौलानं उभा, जिवंत.

शेवटचं छायाचित्र मथुरेच्या संग्रहालयातलं आहे. यमुनेपलीकडच्या ईसापूरला नदीच्या पात्रात दगडी यूप सापडले. एकावर कुषाण राजा वासिष्काच्या चोविसाव्या वर्षाचा लेख आहे. एरवी यूप लाकडाचा, यज्ञ संपला की त्याचं काम संपलं. कुणीतरी आपल्या यज्ञसत्राची आठवण राहावी म्हणून तो दगडात करवून घेतला आणि पाथरवटानं खऱ्या यूपाची हुबेहूब नक्कल केली: खाली चौकोनी, वर अष्टकोनी, टोक किंचित वाकलेलं. मधोमध त्यानं दोर कोरला आहे. दोराचे पीळ एकेक मोजता येतात. दोर खांबाला वेढे घेतो, खाली उतरतो, आणि त्याच्या टोकाला, शेळीच्या मानेच्या उंचीवर, फास आहे. त्यात कुणी नाही.